परत आलेल्या डब्यांचं आभाळ

माझा मामा दिवसाला साधारण चाळीस शब्द बोलतो. त्यातले तीसेक दुकानात गिऱ्हाइकांवर खर्च होतात आणि घरी येतात ते उरलेसुरले. त्यातही "हं" हा शब्द धरायचा की नाही, यावर आमच्या घरात एकमत नाही. मामी म्हणते धरू नये, तो शब्द नाही, नुसता श्वास आहे. मी म्हणते धरावा, नाहीतर काही दिवस त्या माणसाच्या नावावर काहीच जमा होणार नाही.

मामा रंगाच्या दुकानात काउंटरवर असतो. तीस वर्षं झाली. गिऱ्हाईक रंगांच्या तक्त्यावर बोट ठेवतं, मामा त्या नंबरचा रंग पांढऱ्यात मिसळतो, डबा यंत्रात अडकवून घुसळतो आणि झाकणावर एक ठिपका लावून समोर ठेवतो. हे सगळं न बोलता होण्यासारखं काम आहे, म्हणूनच तो तिथे टिकला असावा. भिंती रंगवण्याच्या कामाला गेला असता तर घरमालकिणींनी आठ दिवसांत हाकलला असता.

दर रविवारी सकाळी तो गॅलरीत स्टूल टाकून बसतो आणि हार्डबोर्डच्या तुकड्यावर निसर्गचित्र काढतो. देखावा ठरलेला. मागे डोंगर, पुढे ओढा किंवा तळं, एक घर, घराशी तीन झाडं. दोन मोठी, मध्ये एक लहान. दुपारच्या जेवणापर्यंत चित्र तयार होतं. मग जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर जो एकुलता एक खिळा आहे, त्यावरचं जुनं चित्र उतरतं, नवं चढतं आणि जुनं पलंगाखाली जातं. एवढं करून मामा हात धुतो आणि पानावर बसतो. त्याचा आठवडा तिथे संपतो, आणि मामीचा सुरू होतो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाने एका चित्रकार पाहुण्यांची व्याख्यानं ठेवली होती. विषय होता, चित्रातला भाव कसा ओळखावा. मामी गेली ती पंख्याखाली बसायला मिळेल म्हणून, आणि परत आली ती वही भरून. लाल म्हणजे संताप, निळा म्हणजे विरह, हिरव्यात पिवळट झाक असेल तर आतून काहीतरी बिघडलंय. जांभळा म्हणजे गूढ ओढ. राखाडीबद्दल तर पाहुण्यांनी म्हणे अर्धा तास सांगितलं होतं आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे टिपले होते. मामी घरी आली, खिळ्यावरच्या चित्रासमोर उभी राहिली आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेरा वर्षं ज्या नवऱ्याने तोंड उघडलं नव्हतं, तो दर रविवारी भिंतीवर सगळं सांगत होता, आणि ही बाई खुशाल जेवत होती!

मामी म्हणायची, "अगं, एवढं मोठं दुकान. हजार रंग तिथे. त्यातून हे नेमका एकच उचलून आणतात. उगीच आणतील का?"

या युक्तिवादात कुठे बोट घालायला जागा नव्हती. मी कॉलेजसाठी मामाकडे राहायला आले तेव्हा घरात ही व्यवस्था पक्की झालेली होती. पुढे नोकरी लागली तरी मी तिथून हलले नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्यात जेवणाइतकाच त्या भिंतीचाही वाटा होता. रविवारी मामी चष्मा पुसून चित्रासमोर उभी राहायची. मी आणि माझी मामेबहीण, जिला जन्मापासून एका जागी बसता येत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणतात, तिच्या मागे उभ्या राहायचो. मामा जेवत असायचा.

एका रविवारी संध्याकाळचं आभाळ लालभडक आलं. मामीचा चेहरा पडला. "छत्री," ती म्हणाली. तिच्या बहिणीने मामाची छत्री नेली होती आणि महिना झाला तरी परत केली नव्हती. त्याच दुपारी मामीने बहिणीला फोन करून असं काही सुनावलं की बिचारीचा नवरा भर पावसात छत्री द्यायला आला. बंद छत्री हातात धरून. घाबरून उघडायची विसरला होता. मामाने छत्री पाहिली आणि विचारलं, "ही कोणाची?"

दुसऱ्या खेपेला तळं हिरवं झालं, पिवळट झाक असलेलं. मामी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "काय त्रास होतोय?"

"काही नाही," मामा म्हणाला.

"तळं हिरवं झालंय," मामी म्हणाली.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी दोघांनाही शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

आणि मग आलं ते जांभळं शेत. मामी दोन दिवस गप्प होती, आणि आमच्या घरात ती गप्प बसली की शेजारचे येऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना. तिसऱ्या दिवशी ती ब्रश घ्यायच्या निमित्ताने दुकानात जाऊन तासभर बसली, तिथे गूढ ओढ लागण्यासारखं कोण येतं ते बघायला. शिड्या खांद्यावर घेतलेले अकरा पुरुष आले आणि एक आजीबाई टर्पेंटाइन घेऊन गेल्या. मामी ब्रश घेऊन परत आली. तो ब्रश अजून आमच्याकडे खिडकीच्या जाळ्या झाडायला आहे.

हे सगळं मी हसत सांगतेय खरी, पण मीही त्यातलीच. ऑफिसात कोणी निळा शर्ट घालून आलं की मी त्याच्याशी जपून बोलायचे.

मग त्या गुरुवारी भिंगरीला पत्र आलं.

भिंगरी इंजिनियर आहे. जुने पूल तपासायचं शिक्षण तिने घेतलंय. पुलाखाली शिरायचं, तडे मोजायचे, कुठला टिकेल आणि कुठला नाही ते सांगायचं. गावात पूल दोन, आणि दोन्ही तिने पाठ केलेले. तिला हवी होती तशी नोकरी मिळाली होती, पण आगगाडीने दोन दिवस लागतील एवढ्या लांब. सोमवारी दुपारी बारापर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

तिने पत्र वाचून दाखवलं. आम्ही तिघी मामाकडे पाहायला लागलो. मामाने घास संपवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "जा की."

"बाबा, मनापासून म्हणताय?"

"हं."

आता कुठल्याही घरात यावर पेढे वाटले असते. पण आमच्याकडे मामाने दोन शब्द एकदम वापरले म्हणजे काहीतरी लपवतोय, असा अर्थ निघाला. भिंगरी रात्री माझ्या पलंगावर येऊन बसली. "ताई, बाबांना आतून नको असेल तर मी नाही जाणार. ते कधी सांगणार नाहीत आणि आतल्या आत झुरत बसतील. रविवारी काय येतं ते बघू."

मी तिला वेड्यात काढायला हवं होतं. मी म्हणाले, "हो, रविवारी कळेलच."

रविवारी मामा नेहमीपेक्षा जास्त वेळ गॅलरीत होता. जेवण थंड झालं. शेवटी तो चित्र घेऊन आला, खिळ्यावर लावलं, हात धुवायला गेला. आम्ही तिघी चित्रासमोर जाऊन उभ्या राहिलो.

आभाळ राखाडी होतं. आभाळ कसलं, डोंगर राखाडी, ओढा राखाडी, घरावर राखाडी छाया. सगळ्या जगाला कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून काढल्यासारखं दिसत होतं. मामी खुर्चीत बसली. "अर्धा तास," ती पुटपुटली. "पाहुण्यांनी अर्धा तास सांगितलं होतं राखाडीबद्दल."

मामा आला, जेवला, दोनदा वाढून घेतलं आणि झोपला. त्यावरूनही आम्हाला काही कळायला हरकत नव्हती, पण दुःखात काही लोकांना जास्त भूक लागते, असं मामीने सांगितलं. भिंगरीने संध्याकाळी नकाराचं पत्र लिहायला घेतलं. दर दोन ओळींनी उठून ती खोलीत फेऱ्या मारत होती. "एवढं काय," ती म्हणत होती, "पूल काय, इथेही आहेत." दोन आहेत गं, दोन! मला तेव्हा रडूच आलं. तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर जगभरच्या पुलांची कात्रणं लावलेली होती आणि ती त्यांच्याकडे पाठ करून लिहीत होती.

सोमवारी सकाळी मामा जेवणाचा डबा विसरून गेला. मी तो घेऊन दुकानात निघाले. डबा हे निमित्त. मला मामाला धरून विचारायचं होतं, की बाबा रे, एकदा तोंड उघड. पण मामा कुठल्याशा भिंतीची ओल बघायला गेला होता. काउंटरवर दुकानाचे मालक होते, आणि मालक म्हणजे मामाच्या न बोललेल्या शब्दांची भरपाई करायला जन्माला आलेले गृहस्थ.

"मामा कसा आहे घरी?" त्यांनी विचारलं.

"फार उदास आहे हो," मी म्हणाले. "काल सगळं आभाळ राखाडी काढलंय."

 मालकांनी विचारलं, "राखाडी म्हणजे वकीलसाहेबांचा का?"

"कोणते वकील?"

"अगं, एका वकिलांनी ऑफिससाठी भारदस्त रंग मागितला. दोन भिंती झाल्या आणि अशील दारातूनच परत जायला लागले. म्हणे, आत शिक्षा झाल्यासारखं वाटतं. चार डबे परत आले. एकदा मिसळलेला रंग मला विकता येत नाही, म्हणून परत आलेलं सगळं तुझा मामा घेऊन जातो. वर्षानुवर्षं नेतोय. चार डबे म्हणजे अजून सहा महिने तरी त्याचं आभाळ असंच राहणार."

मी विचारलं, "आणि लाल?"

"कुठला लाल? हां, तो सलूनवाल्याचा. गिऱ्हाइकं म्हणाली, तुझ्या हातात वस्तरा आणि मागे भिंत लाल, आम्ही नाही बसत."

"हिरवा? पिवळट झाक असलेला?"

"दवाखान्याचा. पेशंटला आणखीच मळमळायचं."

जांभळ्याबद्दल विचारायचा धीर होत नव्हता, पण विचारलं. तो एका नव्या जोडप्याच्या बेडरूमचा होता. नवऱ्याला आवडला तेव्हा बायकोला आवडला नाही, बायकोला आवडला तोवर नवऱ्याचं मन फिरलं होतं.

मी इतकी हसले की मालकांनी पाणी मागवलं. अकरा वर्षं! छत्री, डॉक्टर, शिड्यावाले अकरा पुरुष! मी डबा ठेवून पळत सुटणार, एवढ्यात मालक म्हणाले, "पण शुक्रवारी मात्र त्याने कमाल केली."

दुकानात एका काचेच्या कपाटात चित्रं काढायच्या रंगांच्या थोड्या ट्यूबा असतात, शाळेतल्या मुलांसाठी. शुक्रवारी मामाने ते कपाट उघडून एक पिवळी ट्यूब काढली आणि ती घेऊन गल्ल्यासमोर रांगेत उभा राहिला. पुढे दोन गिऱ्हाइकं होती. तीस वर्षं ज्या काउंटरच्या आत उभा राहिला, त्याच्या बाहेर.

"मी म्हटलं, अरे, तशीच घेऊन जा. तर म्हणाला, नको, ही विकतच हवी." मालकांनी मान हलवली. "एकदम चार शब्द. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं."

घरी पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. नकाराचं पत्र पाकिटात होतं आणि पाकीट टेबलावर. मी धापा टाकत सगळं सांगितलं. भिंगरी आधी हसायला लागली. मामी हसली नाही. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "अकरा वर्षं मी न्हाव्याचा मूड बघत होते?"

तिने कपाटातून ती वही काढली आणि टेबलावर आपटली. आतून वाचनालयाचं जुनं पत्रक पडलं. मी उचललं. व्याख्यानं चार दिवसांची होती. पहिला दिवस तापट रंग, दुसरा शांत रंग, तिसरा उजेड आणि सावली. चौथा दिवस होता मांडणीचा, चित्रात काय कुठे ठेवलं आहे आणि का. वहीत त्या दिवसाचं पान कोरं होतं.

"मामी, चौथ्या दिवशी काय झालं?"

"दाढ काढली," मामी म्हणाली. "आणि काय चुकलं असेल असं मोठं? रंग तर सगळे झाले होते!"

आम्ही तिघी एकदम भिंतीकडे वळलो. वकीलसाहेब बाजूला सारून पहिल्यांदाच ते चित्र पाहिलं. घर डावीकडे खाली, लहानसं. घराशी दोन मोठी झाडं. दोनच. मधली जागा मोकळी, पण ती मोठी झाडं त्या मोकळ्या जागेकडे सरकलेली नव्हती. तिसरं झाड कुठे गेलं म्हणून शोधलं तर ते पार उजवीकडे, ओढ्यापलीकडे, उंचवट्यावर एकटं उभं होतं. आता ते लहान नव्हतं. चांगलं वाढलेलं होतं. त्याच्या मागे सगळ्या राखाडीत एकाच ठिकाणी पिवळा उजेड होता. इतका जाड लावलेला की बोट लावलं असतं तर ओला लागला असता. आणि ओढ्यावर, जन्मात पहिल्यांदा, मामाने पूल काढला होता.

भिंगरी चित्राला नाक लावून उभी राहिली. "पूल चुकलाय," ती म्हणाली. "मधे खांबच नाही. पहिल्या पुरात जाईल हा." आणि ढसाढसा रडायला लागली.

मामीने पाकीट उचलून फाडलं, पत्रासकट. "फोन कर," ती म्हणाली. "बाराला दहा कमी आहेत. रडणं नंतर."

फोन झाला. नोकरी मिळाली. मग मला राहवेना, मी पलंगाखालची सगळी चित्रं ओढून काढली. प्रत्येकाच्या मागे मामाने तारीख घातलेली होती. तिघी जमिनीवर बसून अकरा वर्षांचे रविवार बघत होतो, रंग सोडून. भिंगरी शाळेच्या सहलीला गेली होती त्या आठवड्यात लहान झाड नुसतं खोड होतं. मामी बहिणीकडे महिनाभर राहिली तेव्हा एक मोठं झाड वाकलेलं होतं. आणि नऊ वर्षांपूर्वीच्या एका चित्रापासून घराच्या मागच्या बाजूला एक झुडूप आलं होतं. ते पुढे प्रत्येक चित्रात होतं. मी तारीख पाहिली. मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या रविवारचं चित्र. मला झुडूप केल्याचा राग यायला हवा होता. पण मी ते चित्र बराच वेळ मांडीवर घेऊन बसले.

संध्याकाळी मामा आला तेव्हा मामीने दारातच धरला. "डबे परत आलेले असतात, हे कधी सांगितलं का नाहीत?"

"विचारलं नाहीस," मामा म्हणाला.

भिंगरी त्याला बिलगली. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "पूल ठीक आहे का?"

"एकदम मजबूत आहे, बाबा," आमची इंजिनियर म्हणाली.

बुधवारी ती गेली. चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत नेलं. जाताना तिने गाडीत किती जागा बदलल्या ते फलाटावरून दिसत होतं. मामा हात हलवत होता आणि मामी त्याला सांगत होती की गाडी केव्हाच गेली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलो. खिळा रिकामा होता. भिंतीवर चित्राएवढा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. मामीने चष्मा पुसला, लावला आणि वाट पाहिली. मामा जेवत होता.

"आज चित्र नाही?"

"पिवळा संपला."

"अख्खी ट्यूब? एका झाडामागे?"

"हं."

मामीने रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग ती वळली. इतकी वर्षं जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसत आली होती. आता खुर्ची फिरवून तिने सरळ मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सगळं तिथेच होतं, व्याख्यानाची काही गरज नव्हती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "उद्या दोन आणा. पोरगी वर्षातून दोनदा सुट्टीला येणार, दोन्ही वेळा पिवळा लागेल."

"विकत," मामा म्हणाला.

"विकतच," मामी म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.